सासूबाईंचे थेंब मनीच्या डोळ्यात नकोत

(वाचकांचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टर ताईंची उत्तरं)

तुरीच्या राशी उरकत आल्या की हरभरा, मग ज्वारी, म्हणजे आपल्याकडं संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत हवेत नुसतं भुसकट. त्यात रस्त्याची कामं, फुफाटा. म्हणून असेल, यावेळी मांजराच्या डोळ्याचे प्रश्न एकामागं एक आलेत. गाई-म्हशींचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, ज्यांनी वाट बघितली त्यांनी राग मानू नका, डोळ्याच्या बाबतीत उशीर परवडत नाही म्हणून हे आधी.

डॉक्टर मॅडम, आमची मनी राशीच्या मशीनमागं उंदरं धरायला बसायची, तिथून आली ते डावा डोळा मिचकावीतच. लई पाणी यायलं होतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांचे थेंब फ्रिजमधी होते ते दोन दिवस टाकले तर लाली गेली, आम्हाला वाटलं झालं बरं. आता आठ दिवस झालेत, डोळ्यावर निळसर पांढरं फूल पडल्यावानी दिसायलंय आन ती पलंगाखालून बाहेरच येईना. काय टाकावं? (एक ताई, सेलू)

ताई, तुमचा मेसेज बघितल्या बघितल्या मी फोनवर सांगितलं होतं की ते थेंब बंद करा आणि मनीला घेऊन आजच निघा, तरी इथं सविस्तर लिहितेय कारण हीच चूक घरोघरी होतेय आणि ती चूक मायेपोटी होते, त्यात तुम्हाला बोल लावायचा नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यात बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. बाटलीवर बारीक अक्षरात प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन असलं काहीतरी नाव असतं बघा. कधी त्याच बाटलीत अँटिबायोटिकपण असतं, मग लोकांना वाटतं हे तर इन्फेक्शनचंच औषध, मांजराला का नको. सासूबाईंना ते लागतंच, ऑपरेशननंतरची सूज उतरवायला, डॉक्टरनं मोजून दिलेलं असतं. पण मनीच्या डोळ्यात तुरीचं काड नाहीतर कुसळ गेलं असणार आणि त्यानं कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या काचेला, ओरखडा काढला असणार. ही काच किती जाड असते माहितेय का, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. तिच्यावर जखम असताना स्टेरॉईड पडलं की लाली पळते, पाणी कमी होतं, वरून सगळं छान दिसतं, आणि आत जखम भरायचीच थांबते, उलट खोल जाते, जंतूंना रान मोकळं मिळतं, कधी काच विरघळायला लागते आणि डोळा फुटतो. दोन दिवसांत लाली गेली ती त्या स्टेरॉईडनं, आणि आता जे निळसर दिसतंय ते काचेत पाणी शिरल्याचं लक्षण असतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडं एक पिवळा बोका आला होता, नुसता लाल डोळा, मी घाईत होते, बाहेर म्हशीवाले थांबले होते, डोळा रंगवून न बघता मी स्टेरॉईडचे थेंब लिहून दिले. पाचव्या दिवशी त्या घरातली आजी त्याला पोत्यात गुंडाळून घेऊन आली तेव्हा डोळा वाचवण्यासारखा राहिला नव्हता. तेव्हापासून रंगवल्याशिवाय मी एकाही डोळ्याला औषध लिहिलेलं नाही.

रंगवणं म्हणजे काय तर फ्लोरेसिन नावाची नारंगी कागदाची पट्टी येते, ती ओली करून डोळ्याला टेकवायची, मग सलाईननं धुवायचं आणि निळा उजेड पाडून बघायचं. जिथं जखम तिथं हिरवंगार चमकतं. दोन मिनिटांचं काम, मांजराला दुखत नाही. त्यासोबत डोळा बधिर करून तिसरी पापणी उचलून बघतात. मांजराला आतल्या कोपऱ्यात एक तिसरी पापणी असते, पांढरट पडद्यासारखी, तिच्या मागं कुसळ अडकलं की ते दर उघडझापीला काचेवर घासत राहतं आणि वरून कितीही औषध टाका, गुण येत नाही. म्हणून हे बघायला हातात मांजर लागतं, फोटोवरून मी नाही सांगू शकत, लोक फोटो पाठवून थेंबाचं नाव विचारतात तेव्हा मी देत नाही ते याच्यामुळं.

निघायच्या आधी किंवा रात्र असेल तर सकाळपर्यंत घरी काय करायचं तेवढं सांगते. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची छोटी बाटली आणा, ०.९ टक्केवाली, आणि सुई काढलेली सिरिंज. ग्लुकोज मिसळलेली बाटली नको, नाव वाचून घ्या. सलाईन थंडगार नको, बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवून मनगटावर थेंब टाकून बघा, बाळाच्या दुधाचं बघतो तसं. मांजराला जुन्या टॉवेलमधी गुंडाळा, चारही पाय आत, नुसतं तोंड बाहेर, आणि मांडीत पाठ तुमच्याकडं करून धरा, समोरासमोर धरलं की ते भितं आणि ओचकारतं. अंगठ्यानं वरची पापणी हलकेच वर घ्या आणि सिरिंजमधून सलाईन नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हळूहळू वाहू द्या, पिचकारी मारायची नाही. चिपडं वाळून घट्ट झाली असतील तर ओढू नका, ओली घडी दोन-तीन मिनिटं नुसती ठेवा, आपोआप सुटतात. कापूस शक्यतो नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात, गॉज नाहीतर धुतलेलं मऊ धोतराचं फडकं घ्या आणि एका डोळ्याला लावलेला तुकडा दुसऱ्या डोळ्याला लावायचा नाही. बाटली फोडली की दुसऱ्या दिवशी ती डोळ्याला वापरू नका, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं काही नसतं. आत रुतलेलं काही दिसलं तर चिमट्याच्या नादी लागू नका. आणि मांजर पंजानं डोळा खाजवीत असेल तर गळ्यात कॉलर घाला, विकतची मिळाली नाही तर घरातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मची शंकूसारखी गुंडाळी करून कडेला चिकटपट्टी लावली तरी चालते, मी स्वतः कित्येकदा तीच करून दिलीय.

मी सातवीत आहे. आमच्या माळवदावर मांजरीनं चार पिल्लं दिलीत, वीस दिवसांची झालीत. दोघांचे डोळे चिकटलेत आन एकाच्या पापणीखाली गोळा आलाय. आजी म्हणते काजळ लाव. लावू का? (एक वाचक, कंधार)

नको बाळा, काजळ नको, आजीला माझा नमस्कार सांग आणि सांग की डॉक्टर ताई नको म्हणाल्यात.

पिल्लांचे डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात. वीस दिवस झाले आणि डोळा बंद आहे, वर फुगलाय, म्हणजे आत पू साठलाय आणि तो बाहेर यायला वाट नाही. असा पू तसाच राहिला तर आतली काच खराब होऊन पिल्लू आंधळं होतं, आपण किती आंधळी मांजरं बघतो त्यातली बरीच या वयात झालेली असतात. ज्यांचे डोळे नुसते चिकटलेत त्यांना वर लिहिलंय तसं कोमट सलाईनची घडी ठेवून मोठ्या माणसाच्या मदतीनं साफ करा, दिवसातून तीन-चार वेळा. पण गोळा आलाय त्याची पापणी ताणून उघडायची नाही, ते डॉक्टर करतील. टोपलीत गोधडी टाकून चारही पिल्लं एकत्रच ने, गार लागू देऊ नको, आणि जमलं तर त्यांच्या आईलापण, कारण हे दुखणं बहुतेक वेळा एकमेकांकडून येतं.

पिल्लांचे डोळे येण्यामागं बहुतेक वेळा हर्पिस नावाचा व्हायरस, कॅलिसी नावाचा व्हायरस, नाहीतर क्लॅमिडिया नावाचा जंतू असतो. मांजराचा हर्पिस माणसाला होत नाही, तुझ्या घरच्यांना सांग, घाबरायचं नाही. क्लॅमिडिया क्वचित माणसाच्या डोळ्याला लागतो म्हणून पिल्लांना हात लावला की साबणानं हात धू आणि तोच हात आपल्या डोळ्याला लावू नको. आणि मांजरीनं तुला ओचकारलं किंवा चावलं तर लपवायचं नाही हं, रागवतील म्हणून पोरं लपवतात. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची.

बोक्याच्या डोळ्यात पानाच्या डब्यातला चुना गेला होता. फडक्यानं पुसलं. बास ना? (एक काका, माजलगाव)

नाही काका, बास नाही. हे पुढच्या वेळी कुणाच्या घरी झालं तर म्हणून ठळक सांगते: चुना, धुण्याचा सोडा, ॲसिड, फिनेल असलं काही डोळ्यात गेलं की सलाईन आणायला मेडिकलात जाऊ नका, तेवढ्यात डोळा जातो. आधी दिसणारे चुन्याचे कण ओल्या फडक्यानं टिपा आणि घरात जे स्वच्छ पाणी असेल, माठातलं, नळाचं, त्याची धार १५-२० मिनिटं धरा, घड्याळ लावून. मांजर ओरडेल, ओचकारेल, धरून ठेवा. चुन्याचा असर मारायला म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर टाकणारे आहेत, ते तर मुळीच नको. चुना ॲसिडपेक्षा वाईट, तो काचेतून आत आत झिरपत राहतो, म्हणून धुतल्यावर डोळा बरा दिसला तरी त्याच दिवशी दाखवायचं. तुमच्या बोक्याला आता दाखवलं नसेल तर आज दाखवा.

घरच्या घरी काय टाकता येतं ते एकदाचं सांगा. आमच्या गल्लीत कुणी बोरिक पावडर म्हणतं, कुणी गुलाबजल, त्रिफळ्याचं पाणी, मध, बाळंतिणीचं दूध. आपल्या जुन्या लोकांचं काहीच खरं नाही का? (एक वाचक, औसा)

दादा, जुन्या लोकांचं पुष्कळ खरं आहे, मी माझ्या आजीच्या हाताखाली वासरांची जखम बांधायला शिकले. पण मांजराचं अंग वेगळं आहे आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही, मांजर स्वतःला चाटून साफ करतं. म्हणजे डोळ्याला लावलेलं सगळं पंजावर येतं आणि पंजावरचं पोटात जातं. बोरिक पावडर पोटात जाणं चांगलं नाही, शिवाय नीट न विरघळलेला तिचा कण डोळ्यात वाळूसारखा घासतो. दूध आणि मध म्हणजे जंतूंना जेवण. गुलाबजलाच्या बाटलीत वास आणि काय काय मिसळलेलं असतं, ते जखमेला झोंबतं. त्रिफळ्याचं पाणी कितीही गाळा, बारीक चोथा राहतोच, आणि ते निर्जंतुक नसतं. डोळा धुवायला मीठ-पाण्याच्या सलाईनच्या वर काही लागतच नाही, ते मिळेपर्यंत उकळून गार केलेलं फिल्टरचं पाणी चालतं, बोअरचं क्षाराचं पाणी तेवढं टाळा. कोरड्या डोळ्यासाठी माणसांना मिळणारे साधे ओलाव्याचे थेंब, कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे, नवी बाटली असेल तर एकदोन दिवस चालून जातात, पण लाली घालवणारे थेंब येतात नॅफाझोलीनचे, ते नको. ते चाटून पोटात गेलं तर मांजर गळून पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात.

कपाशीवर फवारणी चालू असताना मांजर शेतातून आलं, तोंडातून लाळ, अंग थरथरतंय आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात तर तो डोळ्याचा आजार नाही, विषबाधा आहे. डोळा धूत बसू नका, पळा, औषधाचा रिकामा डबा सोबत घ्या.

आमची पर्शियन आहे, पांढरी. दोन्ही डोळ्यांखाली कायम तपकिरी डाग असतात, वास येतो. पार्लरवाला हायड्रोजन पेरॉक्साईडनं काढतो. हे चालतं का? आणि ऑनलाईन लायसिनची पेस्ट मिळते ती द्यावी का? (एक ताई, छत्रपती संभाजीनगर)

पेरॉक्साईड डोळ्याजवळ अजिबात नको ताई, एक थेंब आत गेला तर काच भाजते, पार्लरवाल्याला स्पष्ट सांगा. पर्शियनचं तोंड चपटं, त्यामुळं डोळ्यातून नाकात पाणी नेणारी नळी मुडपलेली असते, पाणी गालावर उतरतं आणि अश्रूंमधल्या रंगद्रव्यामुळं तपकिरी डाग पडतो. सकाळ-संध्याकाळ सलाईनच्या ओल्या गॉजनं पुसा आणि लगेच कोरडं करा, वास ओलसर राहिल्यानं येतो. डाग पूर्ण जाणार नाही, जाऊ द्या, मांजराला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर: खालची पापणी आत वळून केस डोळ्याला घासतायत का, आणि काचेवर चहाच्या रंगाचा किंवा काळा ठिपका आलाय का. असा ठिपका पर्शियनमधी बऱ्याचदा बघायला मिळतो, काचेचा तेवढा भाग मेलेला असतो, दुखतो, आणि बहुतेक वेळा ऑपरेशन करूनच काढावा लागतो.

लायसिनचं म्हणाल तर तो प्रथिनांमधला एक घटक, अमिनो ॲसिड, पूर्वी आम्हीपण लिहून द्यायचो, हर्पिसवर. २०१५ मधी सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले आणि त्याचा उपयोग होतो असं काही हाती लागलं नाही, म्हणून मी बंद केलं. तेच पैसे लसीला लावा. हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा उलट्या-जुलाबाचा रोग) या तिघांची मिळून एक लस येते, पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून ३-४ आठवड्यांच्या अंतरानं, ते १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची. लसीनं हर्पिस होतच नाही असं नाही पण झाला तर हलका जातो. एकदा शिरलेला हर्पिस बहुतेक मांजरांत जन्मभर दडून राहतो आणि घरात पाहुणे आले, घर बदललं, नवीन मांजर आणलं की डोकं वर काढतो.

मांजराच्या डोळ्याला सूज आली, दुखत असेल म्हणून तापाची अर्धी गोळी द्यावी म्हणतोय. कुत्र्याच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यापण उरल्यात. (एक वाचक, वसमत)

देऊ नका. पॅरासिटामॉल म्हणजे आपली रोजची तापाची गोळी, मांजराच्या लिव्हरमधी ती पचवायची सोयच नसते, एक गोळी जीव घेऊ शकते, अर्धीपण. रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, तोंड सुजतं. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता तासाभरात दवाखाना गाठा आणि लाजू नका, खरं सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकचंही तेच.

कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्यांत एन्रोफ्लॉक्सासिन असेल तर आणखी एक धोका. कुत्र्याच्या वजनाच्या हिशोबानं आणलेली गोळी मांजराला दिली की मात्रा जास्त होते आणि डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, जळतो. मांजरात दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. डोळ्याच्या सुजेसाठी दिलेल्या गोळीनं दोन्ही डोळे गेले तर काय म्हणायचं. डॉक्टरनं डॉक्सीसायक्लिन दिलं असेल तर ते मात्र पूर्ण द्या, क्लॅमिडियाला चार आठवडे लागतात, आठव्या दिवशी डोळा चांगला दिसला म्हणून थांबू नका, आणि गोळी कोरडी गिळवू नका, ती अन्ननळीत अडकून जखम करते, पाठोपाठ सिरिंजनं ५-६ मिली पाणी पाजा.

हर्पिस-कॅलिसीत डोळ्यासोबत नाकपण चोंदतं. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही. उकडलेलं चिकन कोमट करून द्या, मीठ-मसाला काही नको, कांदा-लसूण तर विषच. दिवसभर तोंड लावलं नाही तर फोन करा.

थेंब टाकायला गेलं की आमचा बोका माळ्यावर जाऊन बसतो. आन आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मांजर नेलं की लोक हसतात, डॉक्टर म्हशीत गुंतलेले. जावं कुठं? (एक दादा, पाथरी)

हसू द्या दादा. आपण माणसाच्या डोळ्यासाठी जालन्याला जातोच ना एसटीनं, मग मांजराच्या डोळ्यासाठी परभणीला जाणं हे काही थेर नाही. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, उदगीरलापण आहे, दोन्हीकडं शिकवणारे सर्जन असतात. जायच्या आधी फोन करून एवढंच विचारा, "डोळा रंगवून बघता का?" हो म्हणाले की निघा. तालुक्याचे डॉक्टरपण हे करू शकतात, पट्टी स्वस्त असते, विचारलं तर मागवून ठेवतील, मी कित्येक जणांना विचारायला लावलंय.

थेंबाचं म्हणाल तर बाटली मांजराला दाखवायचीच नाही. ते झोपेतून उठून आळस देत असताना मागून बसा, बाटली धरलेल्या हाताची कड त्याच्या डोक्यावर टेकवा म्हणजे डोकं हललं तरी हात सोबत हलतो, वरची पापणी किंचित वर घ्या, थेंब वरून सोडा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मधी पाच मिनिटं जाऊ द्या, थेंब आधी, मलम नंतर. ॲट्रोपिनचे, म्हणजे बाहुली मोठी करणारे, थेंब दिले असतील तर तोंडाला फेस येईल, भिऊ नका, ते कडू असतं आणि नळीतून घशात उतरतं. झालं की आवडीचा एक घास, दर वेळी.

आणि दवाखान्यात जाताना आतापर्यंत डोळ्यात जे जे टाकलं त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, सासूबाईंचीसुद्धा, आणि शेवटचा थेंब कधी टाकला ती वेळ कागदावर लिहून न्या.